नवा प्लेअर घ्यायचा का? आधी सीड्यांचं कपाट उघडा

"टीव्ही ५५ इंची घेतला भाऊ, पण जुन्या सीड्या पहिल्यापेक्षा खराब दिसताहेत." हे वाक्य थोड्याफार फरकाने मला वर्षातून चार-पाच जण तरी ऐकवतात. कुणी जळगावातलेच असतात, कुणी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधले, तर कुणी थेट शहाद्याहून फोन करणारे. पाठोपाठ प्रश्न येतो, प्लेअर बदलू का?

बहुतेकांना मी "एवढ्यात नको" म्हणतो. काहींना मात्र "थांबू नका, याच महिन्यात घ्या" असंही सांगतो. यातल्या कोणत्या गटात आपण बसतो हे ज्याचं त्याला घरबसल्या ठरवता येतं. एक रविवार, मोजमापाची टेप आणि मऊ सुती फडकं एवढं पुरतं. मी स्वतः ज्या क्रमाने पाहतो, त्याच क्रमाने खाली लिहितो आहे.

पायरी १ : ढीग लावा

आपल्याकडे प्रत्येक चकतीला सीडीच म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. खाली चादर अंथरा, कपाटातला सगळा माल बाहेर काढा आणि त्याचे चार ढीग करा.

पहिला ढीग व्हीसीडीचा. एका पिक्चरच्या दोन किंवा तीन चकत्या असतील तर ती हमखास व्हीसीडी, कारण एका चकतीवर साधारण ७४ मिनिटांचंच चित्रण मावतं. दुसरा ढीग डीव्हीडीचा. तिसरा ब्लू-रेचा, निळसर, जरा आखूड डबीवरून ती लगेच ओळखू येते. चौथा ढीग घरच्या सीड्यांचा : लग्न, बारसं, साखरपुडा, कानबाईचा रोट, ज्यांवर मार्करने नाव लिहिलेलं असतं. या चौथ्या ढिगाकडे शेवटी येऊ, पण तो आत्ताच वेगळा काढा आणि त्याच्यावर काही ठेवू नका.

आता थोडा हिशेब. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं, म्हणजे एका चित्रात जेमतेम एक लाख ठिपके. डीव्हीडीत ७२० बाय ५७६, म्हणजे चार लाखांच्या वर. ब्लू-रेत १९२० बाय १०८०, सुमारे पावणेएकवीस लाख. ४के ब्लू-रेत ३८४० बाय २१६०, जवळपास ८३ लाख. तुमचा नवा टीव्ही ४के असेल तर त्याला प्रत्येक क्षणी ८३ लाख ठिपके भरावे लागतात. व्हीसीडी त्याला एक लाख देते, उरलेले ८२ लाख तो अंदाजाने भरतो. जुन्या २१ इंची डब्यावर हेच चित्र गोड दिसायचं, कारण तो डबा लहान होता आणि त्याची काचही कडा मऊ करायची. टीव्ही मोठा झाल्यावर तेच एक लाख ठिपके ताणले गेले. तुमच्या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं. प्लेअर बिघडलेला नसतो.

खानदेशातल्या घरांमध्ये पहिला आणि दुसरा ढीगच मोठा निघतो. अहिराणी गाण्यांचे अल्बम, विनोदी प्रहसनं, देवीची गाणी हे सारं व्हीसीडीच्या काळात बाजारात आलं आणि बसस्टँडजवळच्या टपऱ्यांवरून घरोघरी पोहोचलं. उंबरठ्यावरच्या मालेगावात तर हौशी मंडळींनी स्वतःच्या हिमतीवर पिक्चर काढले, तेही असेच चकत्यांवरून फिरले. मग २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली. त्यानंतर लोकांनी घेतलेल्या डीव्हीड्यांनी कपाटं भरली. तुमचा ढीग असा असेल तर महागातला प्लेअर आणून त्यातला एकही पिक्चर ब्लू-रेसारखा दिसणार नाही. चकतीवर जे नाही ते कोणताही प्लेअर देऊ शकत नाही.

डीव्हीडीच्या ढिगात आणखी एक चाळण लावा. 'एकात तीन' किंवा 'एकात चार' पिक्चरवाल्या डीव्हीड्या बाजूला काढा. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी आणि दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ जीबी मावतं. तेवढ्यात तीन पिक्चर कोंबायचे तर चित्र दाबावंच लागतं. नाच-गाण्यात किंवा मारामारीत चौकोन चौकोन दिसतात ते यामुळे.

पायरी २ : पिक्चर मुळात कशावर काढला होता?

ही पायरी लहान आहे, पण बरेच जण ती विसरतात. जुने पिक्चर ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर काढलेले आहेत आणि त्या फिल्ममध्ये डीव्हीडीपेक्षा कितीतरी जास्त बारकावे आहेत. त्यामुळे जुना कृष्णधवल पिक्चरसुद्धा चांगल्या प्रिंटवरून ब्लू-रेवर आला की साडीचा पोत, डोळ्यांतलं पाणी, मागच्या भिंतीचे पोपडे दिसू लागतात. मला स्वतःला नव्या पिक्चरपेक्षा हे पाहण्यात जास्त आनंद मिळतो. उलट लग्नाच्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढलेली प्रहसनं मुळातच तेवढीच आहेत. त्यांच्यासाठी मोठा खर्च करू नका, त्यांना फक्त जपा.

पायरी ३ : टेप घेऊन बसायची जागा मोजा

टीव्हीपासून तुमच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर मोजा. सोफा भिंतीला टेकला असेल तर भिंतीपासून नको, डोळ्यांपासून मोजा.

निरोगी नजरेचा माणूस एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखू शकतो. यावरून एक सोपा हिशेब निघतो. टीव्हीच्या इंचांची तिप्पट करा. तेवढ्या इंचांच्या पलीकडे बसत असाल तर डीव्हीडी आणि ब्लू-रे यांच्या बारकाव्यांतला फरक डोळ्याला फारसा पकडता येणार नाही. ३२ इंची टीव्हीसाठी हे अंतर ८ फूट येतं, ४३ इंचीसाठी पावणेअकरा, ५५ इंचीसाठी पावणेचौदा. इंचांची दीडपट केली की दुसरी रेघ मिळते, साधा ब्लू-रे आणि ४के यांच्यामधली. ४३ इंचीसाठी ती साडेपाच फुटांच्या आत आहे, ५५ इंचीसाठी सातच्या आत, ६५ इंचीसाठी आठच्या आसपास.

उदाहरण घ्या. आमच्या शेजारच्या नानांकडे ३२ इंची टीव्ही आहे आणि ते ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसून, दारातून आत बघतात. अंतर भरतं १४ फूट. त्यांना मी प्लेअर घेऊ दिला नाही. त्यांच्या पुतण्याचा फ्लॅट जळगावच्याच महाबळ भागात आहे, खोली लहान, टीव्ही ५५ इंची, सोफा ८ फुटांवर. त्याला ब्लू-रेचा फायदा पहिल्या दृश्यापासून दिसला. पण ४के चकतीचे जास्तीचे ठिपके त्याच्याही डोळ्यांना दिसणार नाहीत, कारण तो सात फुटांच्या पलीकडे बसतो.

४केच्या बाबतीत मात्र एक गोष्ट वेगळी आहे. त्यांतल्या बहुतेक चकत्यांवर एचडीआर असतं, म्हणजे उजेड आणि अंधार यांच्यातला पल्ला मोठा असतो आणि रंगही जास्त असतात. हा फरक १२ फुटांवरूनही दिसतो. अट एवढीच की टीव्हीचा उजेड तेवढा असायला हवा. स्वस्त टीव्हीच्या खोक्यावर एचडीआर छापलेलं असतं, पण पडदा मंद असतो आणि एचडीआर लावलं की पिक्चर उलट काळवंडतो. टीव्ही तसा असेल तर ४के प्लेअरवर पैसे घालू नका.

पायरी ४ : आहे तोच प्लेअर नीट करून बघा

इथे सर्वात जास्त वेळ द्या. निम्म्याहून अधिक जणांचं काम याच पायरीवर झालेलं मी पाहिलं आहे.

आधी टीव्हीच्या मागे हात घाला. पिवळी, पांढरी, लाल अशा तीन पिनांची वायर लागली असेल तर तुमचं सगळं चित्र त्या एकट्या पिवळ्या पिनेतून जातंय. उजेड आणि रंग एकाच तारेत मिसळले जातात, आणि लाल साडीच्या कडेला मुंग्या चालल्यासारखं दिसतं ते त्यामुळेच. प्लेअरला एचडीएमआयचं, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारं, भोक आहे का बघा. असेल तर एचडीएमआय वायर लावा. दीड-दोन मीटरची साधी वायर पुरते. या वायरीत आकडेच जातात, त्यामुळे सोनेरी पिनांच्या महागड्या वायरीने रंग खुलत नाहीत. एचडीएमआय नसेल, पण लाल-हिरवी-निळी अशा तीन वेगळ्या चित्राच्या पिना असतील आणि टीव्हीलाही तशी सोय असेल तर ती वापरा, तीही पिवळीपेक्षा खूप चांगली.

बाजारात पिवळ्या पिनेचं एचडीएमआय करून देणारी छोटी डबी मिळते. नव्या टीव्हीला जुन्या पिनांची जागाच नसेल तर ती उपयोगी आहे. चित्र सुधारेल म्हणून घेऊ नका. पिवळ्या तारेत जे बिघडलं ते बिघडलेलंच पुढे जातं.

मग प्लेअरच्या सेटिंगमध्ये जा. 'टीव्ही टाइप' किंवा 'टीव्ही शेप' असं काहीतरी असेल. तिथे ४:३ (जुन्या चौकोनी डब्याचा आकार) लावलेलं असेल तर ते १६:९ (आजच्या रुंद टीव्हीचा आकार) करा. कित्येक प्लेअर २१ इंची डब्याच्या काळात जोडले गेले आणि ते सेटिंग तसंच राहून गेलं. रुंद पिक्चरची डीव्हीडी ४:३ वर चालवली की प्लेअर चित्राच्या पाव रेघा वाया घालवतो. एवढ्या एका बदलाने पिक्चर स्वच्छ झाल्याचं बघून धुळ्याच्या एका मावशींनी मला "नवा टीव्ही बसवला की काय" असं विचारलं होतं. काही डीव्हीड्यांवर मात्र काळ्या पट्ट्या चित्राचाच भाग म्हणून छापलेल्या असतात आणि चारही बाजूंनी काळं दिसतं. तिथे टीव्हीच्या रिमोटवरचं झूम वापरा, दुसरा इलाज नाही.

एचडीएमआयवाला प्लेअर असेल तर 'रिझोल्यूशन' नावाचं सेटिंगही सापडेल. एकदा ते ५७६पी वर ठेवून पाच मिनिटं बघा, मग १०८०पी वर ठेवून तीच पाच मिनिटं बघा. पहिल्यात चित्र मोठं करण्याचं काम टीव्ही करतो, दुसऱ्यात प्लेअर. चांगल्या ४के टीव्हीत बहुधा टीव्हीचं काम सरस ठरतं. तुमच्या डोळ्यांना जे बरं वाटेल ते ठेवा.

टीव्हीच्या बाजूला तीन गोष्टी करा. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. 'शार्पनेस' खाली आणा. दुकानात तो वर चढवलेला असतो आणि जुन्या डीव्हीडीत तो चेहऱ्याभोवती पांढरी रेघ काढतो. आणि हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा, म्हणजे पिक्चर मालिकेसारखा दिसणार नाही.

आता चकती पुसा. मऊ सुती कापड पाण्याने किंचित ओलसर करा आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसत जा. गोल गोल पुसू नका. माहिती गोलाकार रेघेत लिहिलेली असते. आडव्या ओरखड्याने प्रत्येक फेरीतला थोडाच भाग जातो आणि प्लेअर तो हिशेबाने भरून काढतो, पण गोल ओरखडा सलग माहिती खातो. वरच्या, छापील बाजूलाही जपा. सीडी आणि व्हीसीडीत माहितीचा थर अगदी छपाईच्या खाली असतो, तिथे नख लागलं तरी कायमचं नुकसान होतं. डीव्हीडीत तो थर दोन पापुद्र्यांच्या मधोमध सुरक्षित असतो.

एवढं करूनही स्वच्छ, ओरखडा नसलेली चकती अटकत असेल तर लेझर थकला आहे असं धरा. चित्र चांगलं, पण पिक्चर ऐन मध्यावर थांबतो, असं होत असेल तरी तेच. दोन थरांच्या डीव्हीडीत मध्यावर लेझरला एका थरावरून दुसऱ्या थरावर जावं लागतं आणि थकलेला लेझर तिथेच अडतो.

पायरी ५ : तुमच्याकडे नेट कसं आहे?

जळगाव, धुळे, भुसावळ अशा शहरात फायबरचं कनेक्शन असेल तर रोजचे पिक्चर तुम्ही नेटवरच बघणार, आणि ते योग्यच आहे. पण दोन्हीकडच्या आकड्यांतला फरक माहीत असू द्या. नेटफ्लिक्स ४के पिक्चरसाठी १५ एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट) वेग मागतं आणि तासाला सुमारे ७ जीबीपर्यंत डेटा वापरतं. साध्या ब्लू-रेवर फक्त चित्रालाच ४० एमबीपीएसपर्यंत जागा असते, आणि ४के चकतीवर एकूण वेग १००च्याही वर जाऊ शकतो. नावात दोघांच्याही ४के असतं, पण धुकं, पाऊस, धूळ, अंधारी रात्र अशा दृश्यांत चकतीचं चित्र घट्ट राहतं आणि नेटवरचं फुटतं. आवाजातही तोच प्रकार आहे. ब्लू-रेवर आवाज काहीही न गाळता ठेवता येतो. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकत असाल तर तो फरक कळणार नाही. होम थिएटर असेल तर पहिल्याच गाण्यात कळेल.

सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावलच्या वरच्या अंगाला किंवा अक्कलकुवा-धडगावकडे हिशेब उलटा होतो. रोज दीड जीबी मिळणाऱ्या मोबाइल पॅकवर हॉटस्पॉट लावून टीव्ही बघायचा तर साध्या एचडी पिक्चरलाही तासाला ३ जीबीपर्यंत लागतात. तिथे चकती हाच भरवशाचा मार्ग आहे, आणि चांगला डीव्हीडी प्लेअर घरात असणं रास्त आहे.

पायरी ६ : घ्यायचाच ठरला, तर कोणता?

कपाटात पहिला-दुसरा ढीग मोठा आणि सध्याचा प्लेअर पिवळ्या पिनेचा किंवा थकलेला असेल, तर एचडीएमआयवाला साधा डीव्हीडी प्लेअर घ्या. त्यावर व्हीसीडी, डीव्हीडी, पेन ड्राइव्ह सगळं चालेल. खानदेशातल्या दहातल्या सात-आठ घरांना मी हाच सांगेन.

टीव्ही ४३ इंचांच्या वर, बसायचं अंतर तिपटीच्या आत आणि आपण चकत्या विकत घेणार अशी मनाची तयारी असेल, तर ब्लू-रे प्लेअर घ्या. तिसरी अट महत्त्वाची आहे. ब्लू-रे चकत्या आपल्याकडच्या दुकानांत जवळपास दिसतच नाहीत, ऑनलाइन मागवाव्या लागतात, आणि मराठी पिक्चर त्यात क्वचितच सापडतात. तुम्हाला पुन्हा पुन्हा बघावेसे वाटणारे दहा पिक्चर कागदावर लिहा आणि ते ब्लू-रेवर मिळतात का ते आधी शोधा. त्यातले निदान चार तरी मिळाले नाहीत तर प्लेअर घेऊ नका.

४के प्लेअरसाठी चांगला उजळ एचडीआर टीव्ही हवा आणि टीव्हीच्या एचडीएमआय भोकाला एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) हवं. जोडल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या भोकासाठी 'एन्हान्स्ड' किंवा 'डीप कलर' चालू करायला विसरू नका. ते बंद असलं की एचडीआर येतच नाही आणि माणूस प्लेअरला दोष देत बसतो.

गेम खेळणारी पोरं घरात असतील तर वेगळा प्लेअर लागणारही नाही. चकती घालायची सोय असलेला प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ४के ब्लू-रे चालवतात. प्लेस्टेशन ४ साधा ब्लू-रे चालवतो, ४के नाही. पण गाण्यांची साधी सीडी प्लेस्टेशन ४ आणि ५ वर चालत नाही, तेव्हा व्हीसीडीची आशाच सोडा.

हाच खड्डा ब्लू-रे प्लेअरमध्येही आहे आणि आपल्या भागातली माणसं त्यात हमखास पडतात. ब्लू-रे प्लेअर डीव्हीडी चालवतो, पण कित्येक मॉडेल व्हीसीडी वाचत नाहीत. खोक्यावर कोणकोणत्या चकत्या चालतात त्याची यादी असते. त्यात व्हीसीडी लिहिलेलं नसेल तर तुमचा अहिराणीचा अख्खा ढीग मुका होईल. असा प्लेअर घ्यायचाच असेल तर जुना टाकू नका, दोन्ही शेजारी ठेवा.

दुसरा खड्डा परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या प्लेअरचा. कंपन्यांनी चकत्या आणि प्लेअरसाठी जगाचे विभाग पाडले आहेत; डीव्हीडीला भारताचा विभाग ५ आहे आणि ब्लू-रेला सी. अमेरिकेतला प्लेअर डीव्हीडीसाठी १ आणि ब्लू-रेसाठी ए विभागाचा असतो, आखातातला २ आणि बी. विभागाचा शिक्का असलेली आपली डीव्हीडी त्यावर चालणार नाही, शिवाय अमेरिकी प्लेअरला आपल्या पाल पद्धतीच्या (आपल्याकडच्या जुन्या टीव्ही चित्रपद्धतीच्या) चकत्या पुष्कळदा झेपत नाहीत. ४के चकत्यांना विभाग नसतात, तेवढा त्यांचा फायदा. मागच्या पट्टीवर १००–२४० व्होल्ट लिहिलंय का तेही बघा. फक्त ११०–१२० असेल तर तो थेट आपल्या सॉकेटला लावलात की जळेल.

पाल पद्धतीवरून एक गंमत आठवली. पिक्चर सेकंदाला २४ चित्रांनी काढलेला असतो आणि पाल डीव्हीडी तो २५ने पळवते. त्यामुळे १०० मिनिटांचा पिक्चर ९६ मिनिटांत संपतो आणि काही चकत्यांवर गाण्याचा सूरही किंचित चढतो. ब्लू-रेवर पिक्चर मूळ २४ चित्रांच्या चालीने चालतो. ज्यांचा कान तयार आहे त्यांना ओळखीचं गाणं ऐकताना हे जाणवतं.

वेळेचाही मुद्दा आहे. सॅमसंगने २०१९ मध्ये ब्लू-रे प्लेअरच्या धंद्यातून अंग काढायला सुरुवात केली आणि एलजीचे प्लेअरही २०२४च्या अखेरीस बंद झाले. सोनी आणि पॅनासोनिक ही मोठी नावं उरली आहेत. २०२५ मध्ये सोनीने ब्लू-रे बंद केल्याची बातमी फिरली, ती घरी लिहायच्या कोऱ्या चकत्यांची होती, पिक्चरच्या चकत्यांची नव्हती. तरी ज्यांच्याकडे तिसरा ढीग खरोखर मोठा आहे त्यांनी दोन-चार वर्षं थांबण्यात अर्थ नाही. मी "याच महिन्यात घ्या" म्हणतो ते यांनाच.

पायरी ७ : जुना घेत असाल तर चार चकत्या घेऊन जा

जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी किंवा ओळखीच्या मेकॅनिककडे जुना प्लेअर मिळू शकतो. जाताना पिशवीत चार चकत्या ठेवा : एक व्हीसीडी, एक कंपनीची लांब पिक्चरवाली डीव्हीडी, एक घरी लिहिलेली डीव्हीडी आणि ब्लू-रे प्लेअर असेल तर एक ब्लू-रे. लांब डीव्हीडी सुरुवातीला नको, थेट मध्यावर आणि मग शेवटच्या अर्ध्या तासावर नेऊन बघा. घरी लिहिलेली चकती कमी परावर्तन देते, म्हणून थकलेला लेझर तिच्यावर लगेच उघडा पडतो. ट्रे चार-पाच वेळा उघडून बंद करा. चकती फिरताना घरघर येत असेल तर नको म्हणा. ब्लू-रे असेल तर तो नेटला किंवा पेन ड्राइव्हवरून अपडेट होतो का हेही विचारा, नाहीतर नव्या चकत्या तो ओळखणार नाही.

पायरी ८ : ठेवायची जागा

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेल्या चकत्या वाकतात, आणि वाकडी चकती सरळ होत नाही. घरात सर्वात थंड असलेल्या खोलीत, खालच्या खणात, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. धाब्याचं जुनं घर असेल तर आतली अंधारी खोली उत्तम.

प्लेअर सेट-टॉप बॉक्सवर रचू नका, दोघंही तापतात. कूलरच्या थेट झोतातही नको, त्या दमटपणाने लेझरच्या भिंगावर पापुद्रा धरतो. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या घरांत बारीक तंतू सगळीकडे शिरतात, तेव्हा प्लेअरवर फडकं टाका, पण चालू करताना ते काढा. वीज गेली की बटण बंद करा. परत येताना ती दणका देत येते. चांगला स्पाइक गार्ड लावलेला बरा.

चौथा ढीग

दोन वर्षांपूर्वी एक आजी कापडी पिशवीत एक चकती घेऊन आल्या. म्हणाल्या, "मना पोऱ्याना लगननी सीडी शे, चालत नही." मुलाने त्यांना नवा ब्लू-रे प्लेअर आणून दिला होता. चकती व्हीसीडी होती आणि त्या प्लेअरला ती कळतच नव्हती. माझ्या जुन्या प्लेअरवर ती लागली, दोन ठिकाणी अटकली, पण चालली. त्यात आजींचे यजमान होते, जे आता नाहीत.

म्हणून नवा प्लेअर घेण्याआधी, घेणार नसाल तरीही, हे काम करा. घरी लिहिलेल्या चकत्यांत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते. खालून बघितलं तर ती चकती हिरवट, निळसर किंवा जांभळट दिसते. ऊन आणि उष्णता यांनी तो रंग उडतो आणि त्याबरोबर माहितीही जाते. कंपनीची चकती टिकते, लग्नाची आधी जाते.

चकती पुसा आणि डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या संगणकात घाला. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो, चार घरांनी मिळून एक घेतला तरी चालतो. डीव्हीडीत 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर असतं, ते पूर्ण उचला. व्हीसीडीत 'एमपेग एव्ही' फोल्डरमध्ये 'डॅट' फाइल असते, ती उचला. संगणकावरच्या व्हीएलसी या प्रोग्रॅमवर ती तशीच चालते. एका ड्राइव्हवर चकती वाचली जात नसेल तर दुसऱ्यावर बघा, प्रत्येक लेझरची पकड वेगळी असते. मधेच अडली तरी हार मानू नका. थंड सकाळी, पुन्हा पुसून, हळू वेगावर पुन्हा लावा.

कॉपी दोन ठिकाणी ठेवा. एक घरातल्या हार्ड डिस्कवर, दुसरी पुण्या-मुंबईत किंवा सुरतेला असलेल्या भावाकडे. फाइलला नाव देताना 'नवीन फोल्डर' ठेवू नका. कुणाचं लग्न, कोणतं गाव, कोणतं साल ते मराठीत लिहा. मग ती फाइल टीव्हीला लावून सुरुवातीपासून वरात परत येईपर्यंत एकदा सलग बघा, घरातल्या थोरांना शेजारी बसवून. कोण कोण दिसतंय त्यांची नावं त्यांच्याकडून विचारून त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवा. मूळ चकती त्यानंतरही फेकू नका.